वचन दहापासून का?

आमच्या घरी आईचा रविवार वर्षातून दोनदा येतो. मी राहते त्या इंग्लंडमध्ये तो लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, चौथ्या रविवारी असतो, म्हणजे बहुधा मार्चमध्ये. सांगलीच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. मी आईला दोन्ही वेळा फोन करते. मार्चमधल्या फोनला ती दर वर्षी घाबरूनच विचारते, "आज काय मधूनच? सगळं बरं हाय न्हवं?"

यंदा मेच्या कार्यक्रमासाठी महिला मंडळाच्या ताईंचा निरोप आला. वीस मिनिटांचा संदेश द्यायचा, इकडूनच. तिकडे पडद्यावर दाखवतील. विषय: ख्रिस्ती मातेसाठी शास्त्रातलं मार्गदर्शन. वाचन: बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक, अध्याय ३१, वचनं १० ते ३१. खाली ताईंची पुस्ती होती, "परदेशात राहून मुलाला प्रभूच्या भयात कसं वाढवलंस तेही सांग. इथल्या पोरींना उपयोग होईल. हल्ली सगळ्या नोकरीच्या मागं लागल्यात."

त्या 'हल्ली'वर माझं गाडं अडलं.

हे वाचन मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकत आले आहे. 'सद्गुणी स्त्री' म्हणून सुरुवात होते आणि पाहुणे उपदेशक बोटं मोजायला लागतात. ती दुरून अन्न आणते, एक. रात्र सरायच्या आत उठते, दोन. सूत कातते, शेत घेते, गरिबाला हात देते. दोन्ही हातांची बोटं संपायची. समोर माझी आई बसलेली असायची, मिरजेतली नाइट ड्युटी संपवून पहिल्या बसने थेट उपासनेला आलेली. रात्रीही तिचा दिवा मालवत नाही, हे वचन यायला आणि आईची मान छातीवर पडायला एकच गाठ पडायची. मी कोपराने ढोसायचे.

मिशनरी डॉ. वान्लेसनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं ते १८९४ साली. त्यानंतर आमच्याकडच्या किती ख्रिस्ती घरांतल्या मुली पांढरी साडी नेसून वॉर्डात उभ्या राहिल्या याची मोजदाद कोण करणार? आमच्या गल्लीत नाइट ड्युटी न केलेली आजी शोधावी लागेल. म्हणजे नोकरीच्या मागं लागणं आमच्याकडे तीन पिढ्यांचं आहे. त्या पगारांवर मुलं शिकली, घरांवर स्लॅब पडले, मंडळीला द्यायचे दशमांशही (कमाईचा दहावा हिस्सा) त्यातूनच गेले. तरी मे महिन्यात व्यासपीठावरून 'आईची खरी जागा' निघते ती निघतेच.

लीड्सला आल्यावर पहिल्याच वॉर्डात एक ज्यू सहकारीण भेटली. ज्यूंची वस्ती या शहरात जुनी. एकदा रात्री चहा घेताना मी तिला या अध्यायाची बोटं मोजण्याची गोष्ट सांगितली. ती हसायचीच थांबेना. तिच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथाच्या, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाआधी, वडील हीच वचनं तिच्या आईसाठी गायचे. मी विचारलं, "मग आई काय करायची?" म्हणाली, "काही नाही. बसून ऐकायची. तिचं आठवड्याचं काम झालेलं असायचं."

नवऱ्याने बायकोपुढे म्हणायचं गाणं आमच्याकडे बायकांच्या परीक्षेचा पेपर कसं झालं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. मूळ इब्रीत, म्हणजे हिब्रूत, या बावीस ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ पुढच्या अक्षराने सुरू होते, आपल्या क, ख, ग सारखी. आणि जिथे आपण 'सद्गुणी' म्हणतो तिथे मूळ शब्द आहे 'हायिल': बळ, पराक्रम. बायबलमधल्या गिदोन या योद्ध्याला देवदूत वीर म्हणून हाक मारतो त्यातही तोच शब्द आहे, मवाब देशातून आलेल्या विधवा रूथसाठीही तोच. सांगलीकडच्या बोलीत सांगायचं तर 'खमकी बाई'. सद्गुणी म्हटलं की बाई खाली बघते. खमकी म्हटलं की समोर बघते. पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी आयुष्याच्या अखेरपर्यंत खपल्या, ते उगाच नाही.

पण माझं खरं भांडण त्या आकड्याशी आहे. वचन १० पासून का? आधीची नऊ वचनं कुठे गेली?

अध्यायाच्या पहिल्याच वचनात लिहिलंय की ही लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली वचनं आहेत. दुसऱ्या वचनात ती बोलायला लागते. अरे माझ्या लेकरा, माझ्या पोटच्या पोरा, माझ्या नवसाच्या पोरा! तीनदा हाक मारते. पोरगं ऐकत नसलं की आपण मारतो तशीच. मग सांगते: बायांच्या नादी लागून बळ घालवू नकोस. दारू राजाला शोभत नाही. पिशील, कायदा विसरशील आणि गांजलेल्याचा न्याय बुडवशील. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. गरिबाचा न्याय कर.

आईचं मार्गदर्शन म्हणून शास्त्रात इतकं सरळ, इतकं लांब दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि ते पोराला केलेलं आहे. खमकी बाई कशी असते, हे पुढे येतं तेही त्याच शिकवणीच्या ओघात: बाबा, बाई अशी असते, तिची किंमत ओळखायला शीक. आम्ही पोराचं पान फाडून टाकलं आणि राहिलेलं सुनेच्या हातात दिलं.

साताऱ्याकडच्या, सांगलीकडच्या किती गावांत बायकांनी मतदानाने दारूचं दुकान बंद केलंय. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली; बायका आडवीवर शिक्का मारतात. त्या बायकांना लमुएलची आई माहीत नसेल, पण चौथं वचन त्यांनी जगून दाखवलंय. महिला मंडळात हे कधी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. (सहाव्या-सातव्या वचनांत मरणाला टेकलेल्याला दारू द्या, असंही आहे. तेवढं बरोबर पाठ असलेले एक काका आमच्या मंडळीत होते.)

आता सोळावं वचन. ती शेत पारखून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. माझं आजोळ तासगाव तालुक्यातलं. ऑक्टोबर छाटणीपासून बेदाणा शेडपर्यंत बागेत बायकांचे हात किती लागतात हे मी पाहिलंय; विरळणीला उभ्या राहून माझ्या मामीची मान कायमची आखडली. सातबाऱ्यावर मात्र मामाचं नाव. मग त्याच्या मुलांची. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती: नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करायची. मामाने तेव्हा चावडीवर टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन जेवला. अध्यायाचं शेवटचं वचन म्हणतं, तिच्या हातचं फळ तिला द्या आणि तिच्या कामाची वाहवा वेशीत होऊ द्या. म्हणजे माजघरात नव्हे, जिथे तिचा नवरा वडीलधाऱ्यांत बसतो तिथे. कागदावर, म्हणा ना.

कागदाचं निघालंच आहे तर सांगते. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव आधी आणि वडिलांचं नंतर लावायला लावलं, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गदारोळ झाला. 'पाश्चात्त्य फॅड' असं एका काकांनी लिहिलं. त्यांना मी कळवलं, ज्या पश्चिमेचं तुम्ही नाव घेताय तिथे, इंग्लंड-वेल्समध्ये, १८३७ पासून लग्नाच्या दाखल्यावर फक्त बापांची नावं लिहीत होते. आयांची नावं आली ती ४ मे २०२१ ला. तीन वर्षांचा फरक. उलट बायबलमध्ये यहूदाच्या राजांची हकीकत उघडून बघा, बहुतेक राजांच्या मागे त्याच्या आईचं नाव दिलेलं आहे. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. बाप ग्रीक होता, एवढंच आपल्याला कळतं. काकांनी हात जोडल्याची खूण पाठवली. लमुएलच्या आईचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते मला टोचतं.

ताईंना हवी असलेली माझी गोष्ट मी अजून सांगितली नाही. ती अशी आहे की पहिली दोन वर्षं मी मुलाला वाढवलंच नाही. मी आले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तो आणि नवरा सांगलीत, आईजवळ. "पोराला टाकून डॉलरच्या मागं गेली," असं मंडळीत बोललं गेलं. (इथे पौंड असतात, पण निंदेत चलन तपासत नाहीत.) त्याच वर्षी माझा मावसभाऊ दोन लहान पोरं मागे ठेवून कुवेतला गेला. त्याच्यासाठी खास प्रार्थना झाली, हार घातला.

त्या दोन वर्षांत मला एका वचनाने धरून ठेवलं, आणि ते मी कोणत्याही मातृदिनाला ऐकलेलं नाही. बायबलमधल्या हन्नाने, मूल होत नव्हतं म्हणून नवस बोललेल्या बाईने, नवसाचा शमुवेल दूध तुटल्यावर शिलोच्या मंदिरात नेऊन ठेवला. इथवर सगळे सांगतात. तिची प्रार्थना, तिचं रडणं, एली याजकाला ती प्यायलेली वाटली, सगळं. पुढे पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात एकोणिसावं वचन आहे: त्याची आई दर वर्षी एक लहान झगा शिवून त्याच्यासाठी घेऊन जाई. बस, एवढंच. पण ते शिवताना तिने माप कुठून घेतलं असेल? वर्षभर न पाहिलेल्या पोराची उंची अंदाजाने धरायची. शेजारच्या त्याच वयाच्या पोराला उभं करायचं. थोडं वाढतं ठेवायचं. मी लीड्सच्या दुकानात चार-पाच वर्षांच्या कपड्यांपुढे अर्धा-अर्धा तास उभी राहिले आहे. पहिल्या सुट्टीत नेलेला शर्ट त्याला मनगटाच्या वर आला. आई म्हणाली, "आगं, पोर हाय, उसावानी वाढतंय." मी मोरीत जाऊन रडले.

हन्नाला कुणी टाकून गेली म्हणत नाही.

इथलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. तोच दहाव्या वचनापासूनचा अध्याय इथे मगांवर आणि पिशव्यांवर छापून विकतात. बाईने आता व्यायामही करावा, एवढी भर. बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी जाते आणि तिथे शेक नाही, शेगडी नाही, डिंकाचा लाडू घेऊन येणारी कुणी नाही. पगाराचा मोठा लचका पाळणाघर तोडतं. १८७६ मध्ये मेरी समनर या पाळकाच्या बायकोने श्रीमंत-गरीब आयांनी एकमेकींना धरून राहावं म्हणून मदर्स युनियन काढली, ती आजही आहे. पण घटस्फोटितांना त्यांनीही १९७० च्या दशकापर्यंत बाहेरच ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र मी इथून उचलून सांगलीला नेईन. इथे त्या रविवारी मुलं डॅफोडिलच्या जुड्या वाटतात, आणि आमच्या चर्चमध्ये त्या बाकावरच्या प्रत्येक बाईला मिळतात. ज्यांना मूल झालं नाही, ज्यांचं गेलं, ज्यांची आई गेली, त्यांच्यासाठी नाव न घेता प्रार्थना होते. आमच्याकडे "सर्व मातांनी उभं राहावं" म्हणतात आणि गुलाब देतात. माझी मावशी दर वर्षी बसून राहायची. आम्हा सात भावंडांचे टायफॉइड, परीक्षा, पहिले पगार तिच्या हातून गेलेले. रोमकरांच्या पत्रात शेवटी पौल सलाम पाठवतो त्यात रूफ आहे आणि रूफाची आई आहे. ती माझीही आई, असं तो म्हणतो. मावशीला हे दाखवायचं राहून गेलं.

तर मी ताईंना कळवलं: संदेश देते, पण वाचन पहिल्या वचनापासून करा, आणि पुढच्या दोन रांगांत तरुण संघाची पोरं बसवा. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्या दिसत होत्या. काल रात्री उत्तर आलं. "पाळकसाहेब हो म्हणाले. पण रविवारी दुपारी पोरांची क्रिकेटची मॅच असते गं."

मी लिहिलं, मग सकाळी ठेवा. इथे पहाट असेल, माझी ड्युटी तेव्हाच सुटते.