पिंपरीचं पेनिसिलिन: भांडी मिळाली, कृती मिळाली, बुरशीचं काय?

चीनमधून येणाऱ्या पेनिसिलिन-जीवरचं (पेनिसिलिनचा मूळ, बुरशीतून मिळणारा प्रकार) अवलंबित्व कमी करायचं म्हणून केंद्राने २०२० साली उत्पादनाशी निगडित अनुदान जाहीर केलं आणि २०२४ मध्ये काकिनाड्याला नवा कारखाना सुरू झाला. चांगलंच झालं. पण हे देशात पहिल्यांदाच घडतंय अशा थाटात काही जण बोलतात, तेव्हा पिंपरीची आठवण करून द्यावी लागते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी, म्हणजे पिंपरीकरांची 'एचए', १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन निघू लागलं.

ही एचए उभी राहिली ती आंतरराष्ट्रीय तांत्रिक मदतीवर. १९५१ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफचे साडेआठ लाख डॉलर, तज्ज्ञ आणि प्रशिक्षणासाठी आरोग्य संघटनेचे साडेतीन लाख. जागा, इमारती, पाणी, वीज, मनुष्यबळ आपलं. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिब सिंग सोखी तेव्हा आरोग्य संघटनेत वरिष्ठ पदावर होते. पेनिसिलिन देशातच बनलं पाहिजे हा त्यांचा जुना आग्रह. करारामागची भूमिका अशी की हे ज्ञान कुणा एका कंपनीच्या तिजोरीत राहू नये. पेटंट आणि गुपितांवर चालणाऱ्या औषधधंद्यात ही भूमिका साडेआठ लाख डॉलरपेक्षा मोलाची होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता 'कारखाना दिला' म्हणजे नेमकं काय दिलं ते पाहू. पेनिसिलिनचं एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम. त्या काळी एक मिलिलिटर ब्रॉथमध्ये (बुरशी वाढते तो पातळ द्रव) १,००० युनिट मिळाली तर बॅच चांगली म्हणायची. म्हणजे एका लिटरमध्ये दहा लाख युनिट, वजनात ०.६ ग्रॅम. दहा हजार लिटरचा फर्मेंटर, म्हणजे बुरशी वाढवायची बंद टाकी, पाच-सहा दिवस चालवायचा आणि हाती येणार जेमतेम ६ किलो, तेही काहीच वाया गेलं नाही तर. चार लाख युनिटच्या इंजेक्शनला ०.२४ ग्रॅम लागतं, म्हणजे कागदावर पंचवीस हजार इंजेक्शनं. काढणीत चौथा हिस्सा गेला असं धरलं, तर एकोणीस हजारांच्या आतच.

आणि ही सहा दिवसांची पाळी कुठेही बिघडू शकते. बुरशी आधी स्लँटवर (नळीतल्या तिरक्या घट्ट थरावर), मग फ्लास्कमध्ये, मग सीड टँकमध्ये (बियाण्याच्या छोट्या टाकीत) वाढवायची आणि फर्मेंटरच्या साधारण दहा टक्के इतकं सीड आत सोडायचं. त्याआधी माध्यम, म्हणजे बुरशीचं पातळ खाद्य, १२० अंशांच्या आसपास वाफेवर अर्धा तास निर्जंतुक करायचं. बुरशीला हवा लागते, ढोबळ हिशेब असा की मिनिटाला जेवढा ब्रॉथ तेवढी हवा. म्हणजे दहा हजार लिटरला मिनिटाला दहा हजार लिटर निर्जंतुक हवा, रात्रंदिवस. ती काचलोकर किंवा कोळशाच्या दाबून भरलेल्या थरातून गाळून येते. थर ओला झाला की जंतू सरळ पार होतात. त्यामुळे कॉम्प्रेसरनंतर हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढलं नाही तर पावसाळ्यात काय होईल ते सांगायला नको.

वीज गेली तर दुहेरी मार. ढवळणं आणि हवा थांबली की बुरशी गुदमरते. शिवाय टाकीतला दाब उतरला की व्हॉल्व्हमधून, शाफ्टच्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड पाण्याच्या कॉइलला सुईएवढं भोक पडलं तरी तोच प्रकार. आत शिरलेला जंतू पेनिसिलिनेज (पेनिसिलिन मोडणारं विकर) तयार करणारा असेल, तर जमलेलं पेनिसिलिन काही तासांत साफ. अशी बॅच पुन्हा उकळून उपयोग नसतो, गटारात सोडावी लागते. मग शोध सुरू: सीडमधून आलं, हवेतून आलं की कॉइलमधून? प्रत्येक टप्प्याचा नमुना आधीच काढून ठेवला असेल तरच उत्तर सापडतं. हे शिकवायला माणूस लागतो, खोक्यातून आलेली यंत्रं ते शिकवत नाहीत.

त्यात तापमान हवं २४-२५ अंश. बुरशी स्वतः उष्णता सोडते, ढवळण्यानेही उष्णता येते आणि बाहेर पुण्याचा एप्रिल. थंड देशात नळाच्या पाण्यावर भागतं, इथे त्यासाठी रेफ्रिजरेशन लागतं. दुसऱ्या देशाचा आराखडा जसाच्या तसा उचलला की असे खड्डे पडतात.

काढणी हा तर घाईचा मामला. ब्रॉथ गाळून बुरशी वेगळी करायची, गाळून आलेलं पाणी शून्य ते पाच अंशांपर्यंत थंड करायचं, गंधकाम्लाने पीएच (आम्लतेचं माप) दोन-अडीचवर आणायचा आणि त्याच क्षणी ब्युटाइल किंवा अमाइल अ‍ॅसिटेट या द्रावकात ओढून घ्यायचं. आम्लात पेनिसिलिन द्रावकात जातं, पण आम्लातच ते मोडतंही. नेहमीच्या तापमानाला काही मिनिटांत अर्धं संपतं. म्हणून सेंट्रिफ्यूजसारखा फिरणारा एक्स्ट्रॅक्टर लागतो, साध्या टाकीत थर बसायची वाट बघत राहिलात तर हाती काही उरत नाही. मग लगेच पीएच सातच्या आसपासच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) परत, आणि तिथून पोटॅशियमच्या क्षारापर्यंत. पुढे कुपी भरण्याची खोली निर्जंतुक असून भागत नाही, कोरडीही लागते, कारण दमट पेनिसिलिन कुपीतच मोडू लागतं.

हे सगळं पिंपरीत जमलं. म्हणून 'परदेशी मदत म्हणजे पांढरा हत्ती' हे सरसकट विधान मला पटत नाही. पण दोन गोष्टी मदतीच्या यादीत मावत नव्हत्या.

पहिली, कच्चा माल. पेनिसिलिनची मूळ कृती अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात, पिओरियाच्या प्रयोगशाळेत बसवलेली. मक्याच्या स्टार्च कारखान्यांत उरणारं कॉर्न स्टीप लिकर आणि दुधापासूनचं लॅक्टोज ही तिची मुख्य सामग्री. तिकडे ते उद्योग शेजारीच होते, आपल्याकडे स्टार्चचे कारखाने मोजके. लिकरला पर्याय म्हणून शेंगदाण्याची पेंड तपासायची, तर नायट्रोजनचं प्रमाण बदलतं, फेस बदलतो, गाळणं बदलतं, म्हणजे कृतीच नव्याने बसवावी लागते. वर पेनिसिलिन-जी घडवायला लागणारं फिनाइल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड हवंच. ते कमी पडलं की भलत्याच जातीची पेनिसिलिनं वाढतात, जास्त झालं की बुरशीलाच बाधतं.

दुसरी गोष्ट बुरशीची, आणि खरी मेख इथे आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगच्या बुरशीपासून मिलिलिटरला दोन-चार युनिट मिळत. पिओरियातल्या एका खरबुजावर सापडलेली बुरशी, मग तिच्यावर क्ष-किरण, मग विस्कॉन्सिनला अतिनील किरण, अशा निवडीतून आकडा १९४५ पर्यंत कित्येक शेवर गेला. आज तो ५०,००० च्या पुढे आहे. फर्मेंटर तोच, वीज तीच, माणसं तीच, उत्पादन पन्नास पट. ज्याची बुरशी मागे पडली त्याचा किलोमागचा खर्च बाजारात टिकत नाही. यंत्र एकदा देता येतं, बुरशीची निवड कधी संपत नाही. १९५१ चा करार त्या दिवसापर्यंतचं ज्ञान देऊ शकत होता, पुढच्या वीस वर्षांचं नाही.

स्ट्रेप्टोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या वेळी, १९५८ मध्ये, सरकार मर्क या अमेरिकी कंपनीकडे गेलं. त्यावर आजही वाद होतो. खुल्या ज्ञानाची वाट सोडली हे मलाही खटकतं, पण सुधारत राहणारी बुरशी आणि कृती हवी असेल तर ती तेव्हा कंपन्यांकडेच होती, हेही खरं.

आपल्याकडे डोकी नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच संशोधन विभागात हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरी शास्त्रीय नामावलीत गेली ती अशी. नवं औषध शोधणाऱ्या या कंपनीवर १९९७ साली आजारी उद्योगाचा शिक्का बसला. पुढे चिनी पेन-जीपुढे देशातली बहुतेक फर्मेंटरं थंड पडली. आता अनुदान विक्रीच्या प्रमाणात मिळतंय. त्यातला किती पैसा बुरशीच्या निवडीवर जातो, हे मला काकिनाड्याच्या कारखान्याच्या टनांच्या आकड्यापेक्षा जास्त जाणून घ्यायचंय.

एचएच्या फर्मेंटेशनमध्ये काम केलेली मंडळी इथे असतील तर एक सांगा: लॅक्टोज सोडून ग्लुकोजवर गेलात तेव्हा फीड, म्हणजे थोडं थोडं सोडायचं ग्लुकोज, घड्याळावर सोडत होता की पीएच बघून?