गाडी घाटीची, सल्ला सपाटीचा

डोंगरउतारावरच्या आंब्याच्या बागेसाठी गाडी घ्यायची आहे, एवढं वाक्य चारचौघांत टाकून बघा. ठाण्याचा भाचा डोळे मिटून 'थार' म्हणतो. शेजारचे तात्या 'बोलेरोला मरण नाही' म्हणतात. ज्यांनी आयुष्यात स्कूटरच्या पुढे मजल मारली नाही, ते टॉर्कवर बोलू लागतात. घरातून मात्र एकच प्रश्न येतो : "आंबे कुठे ठेवायचे?" हा शेवटचा प्रश्न तेवढा मनावर घ्यावा. बाकीच्यांना चहा पाजावा आणि मीटरटेप खिशात घालून बागेत जावं, असं माझं मत आहे.

टेप आधी बेड्याला, म्हणजे गडग्यात (दगडी कुंपणात) ये-जा करायला ठेवलेल्या वाटेला लावायची. कोकणातल्या गडग्यांत बेडं ठेवलं गेलं त्या काळी तिथून गुरं आणि डोक्यावर भारा घेतलेली माणसं जायची. ते सहा फुटी असेल तर १८२९ मिलिमीटर झाले. नवी थार आरसे सोडून १८२० मिलिमीटर रुंद आहे. उरले नऊ, साडेचार डावीकडे, साडेचार उजवीकडे. एवढ्या फटीतून पोस्टकार्ड जाईल, आरसा जाणार नाही. बोलेरो १७४५, जिम्नी १६४५, जुनी जिप्सी १५४०, छोटा हत्ती साधारण १५००. या आकड्यांपुढे जाहिरातीतला धबधबा गौण. गडगा फोडून बेडं रुंद करता येतं हे खरं, पण गडगा सामाईक असेल तर आधी चुलत्याची संमती लागते, आणि त्यापेक्षा दुसरी गाडी घेणं स्वस्त पडतं.

दुसरं माप वळणाचं. जिम्नीची वळण्याची त्रिज्या ५.७ मीटर, बोलेरोची ५.८. म्हणजे एका दमात फिरायला साडेअकरा मीटर मोकळी जागा हवी. कलमं दहा बाय दहा मीटरवर लावलेली असतात, त्यामुळे मागेपुढे करणं आलंच. क्लचप्लेटा सरळ चढावर फारशा मरत नाहीत. त्या मरतात उतारावरच्या वळणात, अर्धा क्लच दाबून रिव्हर्स घेताना. सव्वापाच मीटरच्या वर लांबी असलेले रुबाबदार डबल केबिन पिकअप इथेच बाद होतात.

तिसरं माप चढाचं, आणि इथून थापा सुरू. प्रत्येकाच्या बागेतला चढ '४५ अंशाचा' असतो. ४५ अंश म्हणजे एक मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. असली जमीन असणारा माणूस आधी शिडी विकत घेईल, गाडी नव्हे. खरा चढ मोजायला तीन मीटरचा सरळ वासा घ्या. एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, पाणसळ ठेवून वासा आडवा धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ६० सेंटिमीटर आलं तर पाचास एक, म्हणजे २० टक्के, म्हणजे जेमतेम ११ अंश. ७५ आलं तर चारास एक, १४ अंश. आकडे ऐकायला मिळमिळीत वाटतात. पण ओल्या लाल मातीत, माल भरून, चारास एक चढावर दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीचा जीव जातो. सबंध वाट मोजत बसू नका, सगळ्यात वाईट पाच मीटर मोजा. गाडी तिथेच अडते आणि नेमकं वळणही तिथेच असतं.

आता 'एसयूव्ही' नावाच्या प्रकाराबद्दल. छाती पुढे काढून उभ्या असलेल्या या गाड्यांतल्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. चढावर वजन मागे जातं, डिकीत क्रेट भरले की आणखी मागे, आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होऊन जागच्या जागी गरगरतात. अशी गाडी चढवायचा बऱ्यापैकी खात्रीचा उपाय म्हणजे ती उलटी चढवणे. भौतिकशास्त्राची याला काही हरकत नाही, वाडीची असते. बोलेरो आणि छोटा हत्ती मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे माल भरला की पकड वाढते. रिकामा पिकअप मात्र ओल्या चढावर मागून घसरतो. त्याच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर, वाळूची चार पोती टाकावीत आणि बांधावीत. न बांधलेलं पोतं उतारावर केबिनच्या भेटीला येतं.

फोर बाय फोर घेतली म्हणजे चारही चाकं ओढणार, हा पुढचा भ्रम. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या डब्यात, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरणं मिळतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खड्ड्यामुळे अधांतरी झालं की पंधरा लाखांची गाडी जागेवर उभी राहून हवा ढवळते. म्हणून डिफरन्शियल लॉकची चौकशी करावी. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचा लॉक आहे, थारच्या काही प्रकारांत मागे आपोआप लागणारा आहे, जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून भागवते. तरीही मला विचाराल तर लॉकच्या आधी लो गिअर बघा. थारमध्ये तो वेग २.४८ पटीने उतरवतो, जिम्नीत दोन पटीने. लोक तो चढण्यासाठी घेतात, पण उपयोग उतरताना जास्त : लो लावायचा, पहिला गिअर, क्लचवरचा पाय काढून बाजूला, ब्रेकला नुसता स्पर्श. चार चाकं ओढणारी आहेत म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक अल्टोलाही चार चाकांनाच असतात.

आणि या साध्या, लिव्हरच्या फोर बाय फोरला कोरड्या डांबरावर आणू नका. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात. मातीत तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर तो शाफ्टात पीळ होऊन साठतो आणि लिव्हर निघता निघत नाही. अशा वेळी लिव्हरवर लाथ न मारता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो. जाता जाता : २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. रूप तेच, किंमत कमी. भाच्याने कोणती सुचवली ते विचारून घ्या.

मग आंबे. भरलेला क्रेट २२ किलोचा धरा. ऐन तोडणीत दिवसाला तीस क्रेट निघाले तर ६६० किलो. जिम्नीचं मालासकट परवानगीचं वजन १५४५ किलो, तिचं स्वतःचं बाराशेच्या आसपास. उरले साडेतीनशे, आणि त्यात चालक व शेजारी बसून मोबाइल बघणारा पुतण्याही आला. म्हणजे दहा क्रेट, तीन खेपा. छोटा हत्ती पाऊण टन एका खेपेत नेतो, पण त्याची चाकं बारा इंची. त्याने रस्त्याला उभं राहावं, बागेत शिरू नये. बोलेरो कॅम्पर टनाच्या आसपास नेतो, मागच्या बाकावर गडीमाणसं बसतात आणि तो फोर बाय फोरमध्येही मिळतो. मात्र पाटी पिवळी. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, पुढे दरवर्षी, आणि मुलीच्या सासरी मालवाहू गाडीने उतरायची मनाची तयारी. आमच्याकडे या शेवटच्या कलमावर भलेभले व्यवहार मोडतात.

माझ्या लेखी खडी चढण असलेल्या दोन-तीन एकरांना बागेत पंचवीसेक हॉर्सपॉवरचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आणि रस्त्यासाठी जुनी बोलेरो, एवढं पुरे. तुडतुडे आणि भुरीच्या फवारणीचा पंप ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर चालतो. थारवर चालत नाही. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो, थारसाठी अजून कुणी करून पाहिलेला दिसत नाही. फक्त ट्रॉलीपासून सावध. तिला स्वतःचे ब्रेक नसले तर उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि आडवी फिरवते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल म्हणजे आत्महत्या. उताराला आडवा तर ट्रॅक्टर चालवूच नये, सरळ वर किंवा सरळ खाली. आणि दोन क्रेट, खताची पिशवी, पाण्याचा पाइप एवढ्यासाठी वर्षानुवर्षं तप केलेली टीव्हीएस एक्सएल मोपेड आहेच. चालक धरून १३० किलो नेते आणि पाखाडीच्या कडेने कुठेही शिरते.

डिझेल घेणाऱ्यांना विक्रेता एक गोष्ट सांगत नाही. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं, साठच्या आसपास वेगाने पळावी लागते. बागेतली गाडी घर ते मांगर (बागेतलं खोपट), मांगर ते घर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. महिन्याभरात गाळणीचा दिवा पेटतो. मग आठवड्यातून एकदा गाडीला मुंबई-गोवा महामार्गावर फिरवून आणावं. तिथे सलग वीस मिनिटं साठने जाता येईल असा तुकडा शोधणं हे वेगळं ऑफ-रोडिंग आहे. बागेपुरतीच गाडी असेल तर मी पेट्रोलकडे झुकतो. जास्त पिते, पण तक्रार कमी करते.

टायरच्या दुकानात मोठमोठ्या खाचांचा चिखलाचा टायर बघून मोह होतो. आवरावा. कोकणात चिखल असतो मळ्यात, वाट असते कातळावर. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरलं की त्या मोठ्या ठोकळ्यांना टेकायला जागाच कमी मिळते. बारीक चिरा असलेला ऑल-टेरेन टायर तिथे जास्त धरतो. हवा ३२ वरून २२ वर आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. १८ च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून सुटू शकतो. रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप सीटखाली हवा. फुटलेल्या जांभ्याची धार टायर बाजूने कापते, आणि बाजूच्या कापाला पंक्चरवाला नुसती मान हलवतो. स्टेपनी त्याच मापाची ठेवा.

खरं तर यातला बराचसा खर्च वाटेवर केला तर गाडी साधी चालते. चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या घाला : प्रत्येक ६० सेंटिमीटर रुंद, १० जाड, मध्ये ९० सेंटिमीटर गवत. शंभर मीटरला बारा घनमीटर काँक्रीट, म्हणजे जवळजवळ शंभर पोती सिमेंट. ऐकून घाबरू नका, सगळ्यात वाईट वीस मीटरच करायचे. वीस पोत्यांत भागतं. खाली काळ्या दगडाचं सोलिंग घ्या, चिऱ्याचे तुकडे चाकाखाली भुगा होतात. ओलं असतानाच वरून खराट्याने आडव्या रेघा ओढा. गवंडी 'गुळगुळीत करून देतो' म्हणेल, कारण गुळगुळीत करण्यात त्याची कला आहे. त्याला थांबवा. मिनी ट्रॅक्टरची चाकं जवळजवळ असतात, तो घेणार असाल तर मधलं अंतर आधी त्याच्यावरून ठरवा. बाकीच्या मातीच्या वाटेवर दर दहा-बारा मीटरला तिरका चर मारून पाणी खालच्या बाजूला काढा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत पडतो. चर नसेल तर वाटेचा व्हाळ, म्हणजे ओढा होतो.

व्हाळावरून आठवलं. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, पण ते पाणी उभं असतं. वाहत्या पाण्यात काठीने गुडघ्याएवढी खोली लागली की मी तरी घरी चहा करायला सांगेन. इंजिनात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं कव्हर नसेल तर विमावालाही हात वर करतो. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचा बोल्ट उघडून बोट घालून बघा. तेल चहासारखं दुधट दिसलं तर ते लगेच बदलायचं.

जुन्या जीपचा किडा ज्याला चावतो त्याला हे काहीच ऐकू येत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीहून नव्या रंगात येणारी जीप फोटोत फार देखणी दिसते. चॅसिसवर ठोकलेला नंबर कागदाने घासून आरसी बुकाशी ताडून बघा, आणि इंजिन कुठलं, बुकात कुठलं, तेही. कंपनीने दिलेल्या मूळ बांधणीत मनासारखे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. आरटीओला ते पाठ आहे.

गाडीत कायम असावं ते : फावडं, पहार, कोयता, जॅकखाली घालायला इंचभर जाडीची फळी, आणि गाडीच्या दुप्पट वजनाला पुरेल असा पट्टा. काथ्याचा दोर नको. तुटला की तोंडावर येतो. ओढताना पट्ट्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये, हे जमलेल्या अर्ध्या वाडीला ओरडून सांगावं लागतं, कारण सगळे नेमके तिथेच उभे राहून सूचना देत असतात. चाकाखाली घालायला झावळ्या बागेत मिळतातच.

राहिला रंग. यावर घरात जेवढी चर्चा होते तेवढी इंजिनावर होत नाही. कुठलाही घ्या, फक्त मॅट नको. वाटेच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या असतात आणि साध्या रंगावरचे ओरखडे पॉलिशने बरेचसे जातात, मॅटवर पॉलिश मारता येत नाही. मळखाऊ म्हणून लाल सुचवणारा एखादा काका असतोच. त्याचं या वेळी ऐकायला हरकत नाही.