दादोबांची अंडी आणि माझा फ्रीजर

दादोबांनी पहिली अंडी घातली तेव्हा ते दीड वर्षांचे होते.

हो, दादोबाच. बीअर्डेड ड्रॅगन म्हणजे दाढीवाला सरडा, दाढी आहे म्हणजे पुरुष, एवढं साधं गणित करून मी नाव ठेवून मोकळी झाले होते. दाढी मादीलाही असते आणि चिडली की तीही फुगवून काळीकुट्ट करते, हे ज्ञान नंतरचं. पिल्लू लहान असताना नर की मादी हे ओळखताना मुरलेली माणसंही फसतात. मोठं झाल्यावर शेपूट हलकेच वर उचलून बघायचं, मुळाशी दोन बाजूंना दोन फुगवटे असतील तर नर, मधोमध एकच असेल तर मादी. मी उचलून बघेपर्यंत नाव घरादाराच्या तोंडात बसलं होतं. त्यामुळे "दादोबा अंड्यांवर आलेत" हे वाक्य आमच्याकडे अगदी गंभीर चेहऱ्यानं बोललं जातं.

ती पहिली अंडी नराशिवायची होती, म्हणजे फोल. मादी एकटी असली तरी अंडी घालू शकते. माझी चूक त्यानंतर सुरू झाली.

आज हे सगळं उगाळायचं कारण म्हणजे एका ओळखीच्या मुलाचा गेल्या आठवड्यात आलेला मेसेज. "ताई, तुमच्याकडे पिल्लं झाली होती ना? माझ्याकडे पण जोडी आहे, एकाच टँकमध्ये मस्त राहतात. अंडी झाली की काय करायचं ते सांगून ठेवा." मी म्हटलं, नको करूस. त्यावर त्याचं उत्तर, "म्हणजे तुम्ही केलं ते चालतं, आम्ही केलं की नाही?"

प्रश्न रास्त आहे. मेसेजमध्ये मावणारं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

आधी ते "मस्त राहतात". त्यानं फोटो पाठवला होता, दोघं एकमेकांवर पडून ऊन खातायत. बघणाऱ्याला वाटतं काय प्रेम आहे! बीअर्डी हा एकट्यानं राहणारा प्राणी आहे. वर पडलेला खालच्याचा उजेड आणि ऊब अडवून बसलेला असतो. खालच्यानं मधूनच एक हात उचलून गोल फिरवला की आपण म्हणतो, बघा टाटा करतोय. तो टाटा नसतो, "तू मोठा, मी लहान, मला मारू नकोस" असं असतं ते. त्यात एक नर आणि एक मादी असेल तर नर मादीला सुखानं जगू देत नाही. मान दातात धरून तो चढतो, आणि पळायला टँकच्या चार भिंतींपलीकडे जागा नसते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, इथे कुंपण चार फुटांवर आहे.

आता माझं. फोल अंडी बघून मला वाटलं, एवीतेवी अंडी घालतातच आहेत तर पिल्लं का नकोत? एकाकडे नर होता. दोन दिवस भेट घडवली. नरानं मान खालीवर झटकली, दाढी काळी केली, काम झालं. पुढे दादोबा पोटाकडून असे फुगले की कातडीखाली अंड्यांचे गोल टेंगूळ बोटाला लागायचे. महिनाभरात टँकचा कोपरा वेड्यासारखा उकरायला लागले. ओलसर वाळूचा खोल डबा दिला, त्यात बोगदा केला, आत शिरले, आणि तासाभरानं बाहेर येऊन सगळं इतकं नीट बुजवलं की मला खात्री नव्हती आत काही आहे की नाही. 21 अंडी होती.

इथून पुढचं सगळं फारच सोपं आहे, आणि माझा खरा आक्षेप त्या सोपेपणावर आहे. ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज), झाकणाचा डबा, 29 अंशांवर स्थिर इन्क्युबेटर. अंडं उचलताना फिरवायचं नाही, म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलनं फुली मारायची. बास. आठवड्यानं अंधारात टॉर्च लावून बघितलं तर आत गुलाबी उजेड आणि लाल शिरा. अंडं पाणी शोषून फुगत जातं. साधारण दोन महिने काही न करता बसायचं. ज्याला कुंडीतलं झाड जगवता येत नाही त्यालाही हे जमेल. तापमानात मात्र गंमत आहे. पिल्लाचं लिंग तसं गुणसूत्रांवर ठरतं, पण 32 अंशांच्या वर उबवलं तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन बाहेर येतात, आणि त्या माद्या अंडीही घालतात. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की रानातही अशा माद्या आहेत. मादीला मागणी जास्त म्हणून मुद्दाम तापमान चढवायचा सल्ला मलाही मिळाला होता. तो मी ऐकला नाही, एवढं एकच शहाणपण त्या काळातलं सांगता येईल.

63व्या दिवशी सकाळी एक अंडं पिचकलेलं दिसलं. मला वाटलं गेलं. वर घामासारखे थेंब होते. दुपारी त्याला बारीक चीर पडली आणि चिरेतून नाकाचं टोक बाहेर आलं, तांदळाच्या दाण्याएवढं. तेवढंच बाहेर काढून ते पिल्लू कितीतरी तास तसंच पडून होतं, अंड्यातला बलक पोटात ओढून घेत. मधेच डोळा उघडायचा, मला बघायचा, मिटायचा. मी जेवले नाही. रात्री ते बाहेर पडलं, दहा सेंटिमीटरचं, दोन-अडीच ग्रॅमचं, आणि बाहेर पडल्या पडल्या त्यानं माझ्यासमोर इवलीशी दाढी फुगवली. कुणीही विरघळेल. मी तर अजूनही ते आठवून विरघळते, आणि म्हणूनच सांगतेय की त्या क्षणाच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

दोन दिवसांत 19 पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी ती खायला लागली आणि चौथ्या दिवशी एकमेकांना. म्हणजे अगदी गिळत नाहीत, पण हलणारं काहीही दिसलं की तोंड मारायचं एवढंच त्या वयात कळतं, आणि भावाच्या पायाचं बोट हलतं. शेपटीचं टोकही हलतं. पालीची शेपूट पुन्हा येते, बीअर्डीची येत नाही. पहिल्या आठवड्यात तीन पिल्लांची बोटं आणि एकाचं शेपूट गेलं. मग डबे वेगळे केले. प्रत्येक गटाला वेगळा यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा), ऊन खायला 40 अंशांची जागा, पलीकडे थंड कोपरा. एका पिल्लाला दिवसाला 25-30 बारके रातकिडे लागतात, डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही. करा गुणाकार. घरात झोपायच्या खोलीत पाचशे रातकिडे रात्रभर खुडबुडतात तेव्हा नवरा काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. त्या किड्यांनाही खायला घालायचं, कारण उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. त्यांच्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, म्हणून दर खेपेला कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचं. हे सगळं दोन-अडीच महिने, एक दिवस खंड न पाडता.

दोन पिल्लं पहिल्याच महिन्यात गेली. खात नव्हती, वाढत नव्हती, एक दिवस नव्हती. बीअर्डींमध्ये अ‍ॅडेनोव्हायरस बराच आढळतो, मोठ्या जनावरात लक्षणं दिसत नाहीत आणि पिल्लांना तो मारतो. जोडी लावण्याआधी दोघांची तपासणी करता येते. मी केली नव्हती. नंतरही केली नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं.

उरली 17. द्यायची कुणाला? "मला एक ठेव हां" म्हणणारे पिल्लं होण्याआधी खूप असतात. झाल्यावर कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाची आई नको म्हणते. आणि खरं तर त्यांची आई बरोबर असते, कारण हा प्राणी 10-15 वर्षं जगतो. आज हट्ट करणारा सातवीतला पोरगा तोवर नोकरीला लागलेला असतो. मी चार महिने घरं शोधली. दोन पानं सूचना लिहून प्रत्येकाला दिल्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. अ‍ॅव्होकॅडो अजिबात नको. काजवा चुकूनही नको, एका काजव्यानं मोठा बीअर्डी मरू शकतो. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, साल्मोनेला असतो. सगळं लिहिलं.

त्या पिल्लांमधला चौदा नंबर आठ महिन्यांनी परत आला.

चपलेच्या खोक्यात होता. मला बघून उठायचा प्रयत्न केला तर मागचे पाय आलेच नाहीत, पोटावर सरपटला. बोटं थरथरत होती. मी खालच्या जबड्याला अंगठा लावला तर तो खोडरबरासारखा दबला. हाडांमध्ये कॅल्शियमच नव्हतं. आणणारी माणसं वाईट नव्हती. दिवा होता, महागातला होता, पुडीही रोज देत होते. फक्त दिवा टँकच्या काचेच्या झाकणावर ठेवलेला होता. काच उजेड आत सोडते, यूव्हीबी नाही. यूव्हीबीशिवाय कातडीत व्हिटॅमिन डी-3 तयार होत नाही, आणि डी-3शिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम तसंच बाहेर पडतं. आपल्या डोळ्यांना टँक लख्ख दिसतो आणि आतला प्राणी अंधारात असतो. दिवा जुना झाला तरी तेच, उजेड पडत राहतो, यूव्हीबी आधीच आटलेला असतो, म्हणून सहा महिने ते वर्षभरात ट्यूब बदलायची. हे मला माहीत होतं. माझ्या दोन पानांत दिवा लावा असं होतं, काचेच्या या बाजूला लावा असं नव्हतं.

डॉक्टरांनी औषधं दिली, हाडं पुन्हा कडक झाली, पण ज्या आकारात होती त्याच आकारात. चौदा नंबर आता माझ्याकडे आहे. जबडा वाकडा असल्यामुळे पकडलेली अळी एका बाजूनं निसटते, म्हणून मी चिमट्यानं भरवते. तो बिचारा खूश असतो. सरड्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही, हीच अडचण आहे. कुत्रं विव्हळलं असतं तर आठ महिने कुणी थांबलं नसतं.

आणि "सरड्याला काय कळतं" म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता. 2016 मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी याच प्राण्याचा झोपेतला मेंदू तपासला, तेव्हा आपल्यासारख्या गाढ झोपेच्या आणि आरईएम झोपेच्या (आपल्याला जिच्यात स्वप्नं पडतात ती) पाळ्या दिसल्या, साधारण दर 80 सेकंदांनी. दुसऱ्या एका प्रयोगात एका बीअर्डीनं सरकतं दार उघडताना बघून बाकीचे दार उघडायला शिकले, आणि ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांना ते जमलं नाही. चौदा नंबर चिमट्याचा डबा उघडल्याचा आवाज ओळखतो, हे माझ्याकडचं संशोधन.

आता ज्या गोष्टीवरून मला शिव्या बसतात ती. मी ती 21 अंडी उबवण्याच्या नादात होते तेव्हा, ती घातल्यावर महिन्याभरातच, दादोबांनी आणखी 24 अंडी घातली. नर पुन्हा भेटलाच नव्हता. मादी एका भेटीतलं वीर्य साठवून ठेवते आणि पुढच्या खेपांनाही वापरते, हे मला तेव्हा कळलं. जोडी एकदा लावली म्हणजे एकदाच अंडी, असा हिशेब इथे चालत नाही. ती 24 मी त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवली. त्या अवस्थेत गर्भ अगदी सुरुवातीचा असतो. नंतरची तिसरी खेपही ठेवली. कुणी म्हणतं निर्दयीपणा आहे. असेल. पण चपलेचं खोकं मी उघडलंय.

रंगीबेरंगी पिल्लांच्या धंद्याबद्दल फार लिहीत नाही, डोकं फिरतं. एकच सांगते. 'लेदरबॅक' म्हणजे कमी खवल्यांचा, गुळगुळीत पाठीचा बीअर्डी. दोन लेदरबॅकची जोडी लावली की सरासरी चारातलं एक पिल्लू 'सिल्कबॅक' निघतं, खवलेच नाहीत. दिसायला रेशमी. कातडी इतकी पातळ की रातकिडा चावला तरी जखम, कात नीट सुटत नाही, ती बोटाभोवती दोऱ्यासारखी आवळून बोट झडतं. आणि नर मान दातात धरतो तेव्हा सिल्कबॅक मादीचं काय होत असेल ते सांगायला नको. वर ऑस्ट्रेलिया आपले प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे त्या देशाबाहेरचे पाळीव बीअर्डी मुख्यतः काही दशकांपूर्वी चोरून बाहेर आलेल्या मोजक्या जनावरांचे वंशज. तुझ्या जोडीतले दोघं सख्खे भाऊ-बहीण नाहीत हे तुला कुणी लिहून दिलंय?

तर मुला, मी केलं ते चाललं नाही. एवढंच उत्तर आहे. बीअर्डी पाळ, एक पाळ, नीट पाळ. माझ्यासारखी परत आलेली जनावरं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून घेतलंस तर फारच छान. सगळी हौस त्यात फिटते.

हे लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. काल त्याचाच मेसेज आला. "ताई, ऐकलं तुमचं. दुसरा टँक आणला, नराला वेगळं केलं. पण मादी दोन दिवस काही खात नाही, सारखा कोपरा उकरतेय. काय झालं असेल?"

मी लिहिलं, ओलसर वाळूचा खोल डबा दे, आणि फ्रीजरमध्ये थोडी जागा कर.