ड्रोनच्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकू नका: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘ड्रोनवाल्यांनो, विमानात बसण्याआधी हे वाचाच’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो आधी लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या ग्रुपवर आला, मग सर्व्हेवाल्यांच्या. परवा मावसभावाने तोच पाठवून विचारलं, “दादा, हे खरं आहे ना? मी लडाखला निघालोय, बॅग याप्रमाणेच भरतो.” त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. कारण या मेसेजमधला एक सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय विमानातल्या सगळ्यांच्या जिवाशी संबंधित आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती माणसांजवळ न ठेवता चेक-इन बॅगेत टाका, तिथे आग विझवायची यंत्रणा असते. २०,००० एमएएचपर्यंतची कोणतीही बॅटरी चालते. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून न्या, म्हणजे तपासणीत अडवत नाहीत. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कुठलाच नियम नाही. विमानतळावर सोडलं म्हणजे तिथे उडवायलाही परवानगी मिळाली. आणि शेवटी, स्वस्तात हवा असेल तर दुबईहून आणा, खोका फेकून ‘वापरलेला’ म्हणून दाखवा.

पहिल्या मुद्द्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तो वरवर पटतो. धोकादायक वस्तू माणसांपासून लांब ठेवावी, ही आपली नेहमीची समज आहे. गॅसचा जादा सिलिंडर आपण घराबाहेरच ठेवतो. विमानाचं मात्र उलटं आहे. जगभरातल्या विमान कंपन्या पाळतात तो नियम स्पष्ट आहे: सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत अजिबात नाहीत. ड्रोनमधून काढलेली बॅटरी ही सुटी बॅटरी. पॉवर बँकही त्यातच मोडते.

असं का, हे समजायला लिथियम सेल कसा पेटतो ते पाहावं लागेल. सेलच्या आत दोन थरांमधला पातळ पडदा फाटला, दबला किंवा कारखान्यातच सदोष निघाला, की आत शॉर्ट होतो. उष्णता वाढते, त्या उष्णतेने आतली रसायनं विघटित होतात, त्यातून आणखी उष्णता सुटते आणि ही साखळी स्वतःच स्वतःला ढकलत नेते. सोबत ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि थोडा ऑक्सिजनही आतूनच सुटतो. एक सेल गेला की शेजारचा तापतो आणि तोही त्याच वाटेने जातो. ड्रोनच्या बॅटरीत असे दोन, चार, सहा सेल एकमेकांना चिकटून बसवलेले असतात.

आता मेसेजमधली ‘आग विझवायची यंत्रणा’. प्रवासी विमानाच्या सामानकक्षात हॅलॉन वायू सोडण्याची सोय असते, हे खरं आहे. कपडे, कागद, पुठ्ठा यांच्या आगीवर तो चांगला चालतो. पण हॅलॉन ज्वाळा दाबतो, सेल थंड करत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक यंत्रणेने न्यू जर्सीतल्या आपल्या तांत्रिक केंद्रात याच्या चाचण्या केल्या. हॅलॉन असतानाही उष्णता एका सेलमधून दुसऱ्यात जात राहते, हे त्यांत दिसलं. २०१७ साली त्यांच्या आणखी काही चाचण्यांची माहिती समोर आली. सुटकेसमध्ये लॅपटॉप ठेवून त्याची बॅटरी मुद्दाम तापवली होती. एका चाचणीत शेजारी ड्राय शांपूचा स्प्रे कॅन होता. तो मिनिटभराच्या आत फुटला. इतक्या कमी वेळात झालेल्या स्फोटापुढे हॅलॉनचा उपयोग होत नाही. डिओडरंटचा कॅन तर आपल्यातल्या बहुतेकांच्या बॅगेत असतो.

केबिनमध्ये याच्या उलट परिस्थिती असते. धूर निघाला की कुणाला तरी वास येतो, कुणीतरी ओरडतं. कर्मचाऱ्यांना याचं प्रशिक्षण असतं: आधी अग्निशामकाने ज्वाळा मारायच्या, मग पाणी किंवा हाताशी असेल ते अल्कोहोल नसलेलं पेय ओतत राहून बॅटरी थंड करायची, म्हणजे शेजारचे सेल वाचतात. हे काम माणूसच करू शकतो. सामानकक्षात उड्डाणादरम्यान कुणीही पोहोचू शकत नाही.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये आग लागली. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. पहिल्या इशाऱ्यानंतर सुमारे अर्ध्या तासात विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. ते मालवाहू विमान होतं, त्याच्या मुख्य मजल्यावर प्रवासी विमानासारखी हॅलॉनची सोय नव्हती, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना होत नाही. पण माणसाचा हात पोहोचत नाही तिथे बॅटऱ्यांची आग किती वेळ देते, ते त्यातून कळतं. पुढे १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायलाच जागतिक पातळीवर बंदी आली.

यावर ग्रुपमधल्या एकाने चांगला प्रश्न विचारला: मग बुसानला काय झालं? २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जमिनीवरच जळालं. आग केबिनमध्येच, डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात लागली आणि तपासात संशय पॉवर बँकेवर आला. प्रश्न रास्त आहे. पण त्या विमानातले सगळे, १६९ प्रवासी आणि कर्मचारी, बाहेर पडू शकले, कारण आग दिसली आणि विमान अजून हललं नव्हतं. कोरियाने त्यानंतर ‘बॅटऱ्या खाली सामानकक्षात टाका’ असं म्हटलं नाही. १ मार्चपासून नियम आला तो असा की पॉवर बँका आणि सुट्या बॅटऱ्या वरच्या कप्प्यात ठेवायच्या नाहीत, अंगाजवळ किंवा समोरच्या सीटखाली ठेवायच्या. म्हणजे माणसाच्या आणखी जवळ. मीही बॅटऱ्यांची पिशवी पायापाशीच ठेवतो.

ड्रोनचं काय, असं लगेच विचारलं जातं. बॅटरी काढलेला ड्रोन म्हणजे मोटारी, कॅमेरा आणि प्लास्टिक. तो बहुधा कुठल्याही बॅगेत जातो, पण कंपनीगणिक फरक आहे. एमिरेट्स ड्रोन केबिनमध्ये घेऊ देत नाही, तो चेक-इन करावा लागतो. मग ड्रोन खाली आणि बॅटऱ्या वर, अशी विभागणी करायची. बॅटरी ड्रोनमध्येच बसवलेली असेल, १०० वॉट-अवरच्या आत असेल आणि यंत्र पूर्ण बंद व नीट गुंडाळलेलं असेल, तर नियमांत चेक-इनला वाव आहे. मी तो वाव कधीच घेत नाही. बटण दाबलं जाऊन ड्रोन बॅगेतच सुरू झालेला मी पाहिलाय.

दुसरा मुद्दा २०,००० एमएएचचा. हा आकडा पॉवर बँकेच्या दुकानातून आलाय. विमान कंपन्या एमएएच मोजत नाहीत, वॉट-अवर मोजतात. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (१,००० एमएएच म्हणजे एक अँपिअर-अवर). पॉवर बँकेत ३.७ व्होल्ट धरतात, म्हणून २०,००० एमएएचचे ७४ वॉट-अवर होतात आणि ती चालते. आता फवारणीच्या ड्रोनची १६,००० एमएएचची सहा सेलवाली बॅटरी घ्या. ती २२.२ व्होल्टची असते, म्हणजे ३५५ वॉट-अवर. मेसेजच्या हिशोबाने ती आरामात बसते. प्रत्यक्षात ती प्रवाशाला कुठल्याच बॅगेतून नेता येत नाही.

मर्यादा अशा आहेत. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर प्रवासी सामानातून बंदी. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या मिनी ४ प्रोची साधी बॅटरी सुमारे १९ वॉट-अवरची, मॅव्हिक ३ ची ७७, इन्स्पायर २ ची ९७.५८, म्हणजे कंपनीने ती १०० च्या आत बसवली हे दिसतंच. मॅट्रिस ३०० ची मात्र २७४. सर्व्हेवाल्या मित्रांनी हे आधीच लक्षात घ्यावं. एवढ्या मोठ्या बॅटऱ्या रस्त्याने पाठवाव्या लागतात किंवा धोकादायक मालाच्या रीतसर प्रक्रियेने मालवाहू विमानातून. छोट्या बॅटऱ्यांच्या संख्येलाही मर्यादा असते. जागतिक नियमावलीत ती २० आहे, पण काही कंपन्या त्याहून कमी ठेवतात, तेव्हा तिकीट काढतानाच आपल्या कंपनीचं पान वाचा.

लेबल जपा. वॉट-अवरचा आकडा बॅटरीवर छापलेला असायला हवा. एफपीव्हीवाल्यांच्या (गॉगल लावून ड्रोन उडवणाऱ्यांच्या) लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, पॅकवरची वेष्टनं फाटलेली असतात, काही पॅक इथेच कुणीतरी जोडून दिलेले असतात आणि त्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. काउंटरवरच्या माणसाने अशी बॅटरी नाकारली तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो.

पूर्ण चार्जचा सल्ला तर उफराटा आहे. सेल जितका भरलेला, तितकी बिघाडात बाहेर पडणारी ऊर्जा जास्त. मालवाहू विमानातून जाणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसाव्यात, असा नियम यासाठीच आहे. प्रवाशाला तो लागू नाही, पण विज्ञान तेच आहे. मी ४०-५० टक्क्यांवर नेतो. तपासणीत यंत्र सुरू करून दाखवा म्हणाले तर तेवढं पुरतं. अगदी रिकामी करूनही नेऊ नका, लायपो सेल त्याने खराब होतो.

मेसेजमध्ये नसलेली, पण याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वीज बाहेर येते ती धातूची टोकं, झाकणं. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाऊचमध्ये, किंवा टर्मिनलवर चिकटपट्टी लावून. किल्ल्या, नाणी, प्रोपेलरचे स्क्रू यांच्यासोबत एकाच कप्प्यात टाकलेली उघड्या टर्मिनलची बॅटरी शॉर्ट होऊ शकते. फुगलेली बॅटरी तर विमानात न्यायचीच नाही, हँडबॅगेतही नाही. एकदा निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या चारपैकी एक टेबलावर सपाट बसेना. वरून बोट फिरवलं तर मधे उंचवटा लागला. महाग होती, वाईट वाटलं, पण ती घरीच राहिली.

२५० ग्रॅमचा मुद्दा विमानातल्या प्रवासाशी जोडणंच चुकीचं आहे. ते वजन ड्रोन नियम २०२१ मधलं. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, इतकंच. बॅटरीच्या नियमांना ड्रोनच्या वजनाशी काही देणंघेणं नाही. आणि सरकारी नकाशावरच्या लाल (मनाई) किंवा पिवळ्या (नियंत्रित) क्षेत्रात परवानगीशिवाय उडवायला नॅनोलाही मुभा नाही.

विमानतळावर सोडलं म्हणजे उडवायला परवानगी, हेही तसंच. एक्स-रेवरचा जवान तुमचं सामान विमानाला धोकादायक आहे का एवढंच पाहतो. कुठे उडवायचं ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहायचं. आपल्याकडे हे जास्तच लागू आहे. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. उतरल्या उतरल्या पार्किंगमधून एक शॉट, हा विचारही करू नका. रायगड-शिवनेरीसारख्या संरक्षित स्मारकांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी लागते. मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश वेळोवेळी निघत असतात, तेही निघण्याआधी तपासा.

राहिली दुबई. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणि त्यांचे जोडणीचे संच भारतात आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी परवानगीने सूट आहे, हौशी प्रवाशासाठी नाही. नवा की वापरलेला, खोक्यात की खोक्याबाहेर, याने काही बदलत नाही. आखातातल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांना ‘येताना एक घेऊन ये’ म्हणणाऱ्यांनी हे त्यांना सांगायला हवं, कारण कस्टम्ससमोर ते उभे राहतील, आपण नाही. इथला आपलाच ड्रोन घेऊन परदेशी जाणार असाल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, बिलाची प्रत जवळ ठेवा. आणि तो देश ड्रोन आत घेतो का, हेही पाहा. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये विमानतळावरच काढून घेतात.

मेसेजमधल्या दोन गोष्टी बरोबर आहेत: प्रोपेलर काढून ठेवा आणि कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलला कव्हर लावा.

एक प्रसंग मात्र त्यात कुठेच नाही, आणि नेमकं तिथेच नियम माहीत असलेलेही चुकतात. कोल्हापूर, जळगावसारख्या ठिकाणी छोटी विमानं येतात, वरचे कप्पे लहान असतात. दारापाशी कर्मचारी म्हणतात, “ही बॅग आत मावणार नाही, आम्ही खाली ठेवतो.” आपण घाईत बॅग देतो आणि इतक्या काळजीने हँडबॅगेत ठेवलेल्या बॅटऱ्या सामानकक्षात जातात. माझ्याकडून हे एकदा झालंय. सीटवर बसल्यावर लक्षात आलं, मी हाक मारली, बॅग परत काढावी लागली आणि सगळे प्रवासी माझ्यामुळे थांबले. तेव्हापासून माझ्या बॅटऱ्या एका छोट्या वेगळ्या पिशवीत, हँडबॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असतात. बॅग मागितली की आधी पिशवी बाहेर येते, मग बॅग देतो.