सिग्नल चोवीस तास चालू ठेवा म्हणे!

मावशीचा आमवात टोफासिटिनिब या पेशीतला एक सिग्नल अडवणाऱ्या गोळीवर बऱ्यापैकी आटोक्यात आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “अरे, मग ही गोळी बंद करू का?” ग्रुपांवर तो फिरताना दिसतच होता, आता घरात पोचला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: जंतू ओळखणारे रिसेप्टर पेशींवर झोपलेले असतात, ते जागे करावे लागतात, मग सिग्नल थेट डीएनएत जाऊन जनुकं कायमची बदलतो, सिग्नल जितका जोरात तितकी प्रतिकारशक्ती पक्की, म्हणून तो चोवीस तास चालू हवा, याच शोधाला २०११ चं नोबेल मिळालं, आणि सिग्नल अडवणाऱ्या गोळ्या म्हणजे स्लो पॉयझन. शेवटी अर्थातच एका कॅप्सूलचा फोटो.

झोपलेले रिसेप्टर? ते कामावरच असतात. जंतूचा अंश सापडेपर्यंत गप्प राहणं हा त्या कामाचाच भाग. पुढे.

जनुकं बदलतात? नाही. टीएलआर४ या रिसेप्टरचं उदाहरण घ्या. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड त्याला भेटला की रिसेप्टरच्या जोड्या जुळतात आणि पेशीच्या आतल्या बाजूला मायडी८८ नावाची प्रथिनं गोळा होतात. त्यांच्यावर आयरॅक४ आणि आयरॅक२ ही आणखी प्रथिनं रचली जातात. या रचनेचा नकाशा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला : सहा मायडी८८, चार आयरॅक४, चार आयरॅक२. तिथून ट्राफ६ या प्रथिनामार्फत निरोप पुढे जातो, एनएफ-कॅपा-बी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला अडकवून ठेवणारं आयकॅपाबी हे प्रथिन नष्ट केलं जातं, आणि मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून काही जनुकं चालू करतं. चालू करतं. त्यांची अक्षरं बदलत नाही.

आता तो चोवीस तासांचा मुद्दा, ज्याने माझं डोकं खरं फिरलं. एनएफ-कॅपा-बी जी जनुकं चालू करतं, त्यांत आयकॅपाबीचंच जनुक असतं. म्हणजे आपल्याला परत अडकवणारं प्रथिन ते स्वतःच बनवून घेतं. दुसरं जनुक ए२० चं. हे प्रथिन ट्राफ६ जवळची निरोपाची साखळी तोडतं. सिग्नल सुरू होतानाच तो थांबवायची तयारी सुरू होते, इतकी शरीराला त्याची धास्ती. ए२० काढून टाकलेले उंदीर अवयवाअवयवांत दाह होऊन लहानपणीच मेले, हे २००० सालीच दाखवलं गेलं. आणि उंदरांचं माणसाला लागू नाही म्हणणाऱ्यांसाठी : २०१६ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये अशी कुटुंबं नोंदली गेली, ज्यांच्यात ए२० च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी फक्त एक नादुरुस्त होती. तेवढ्याने लहान वयापासून तोंडात आणि गुप्तांगावर व्रण, ताप, सांधेदुखी, आतड्याचा दाह. सिग्नल वेळेवर थांबला नाही तर मिळतं ते हे. याला कुणी पक्की प्रतिकारशक्ती म्हणणार असेल तर नमस्कार.

नोबेलचं तर हसूच येतं. २०११ च्या पारितोषिकाचा अर्धा भाग ब्रूस बॉइटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांचा, उरलेला राल्फ स्टाइनमन यांचा. बॉइटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये उकललेलं कोडं काय होतं? लिपोपॉलिसॅकराइडच्या ज्या डोसने बाकीचे उंदीर मरतात, तो टोचूनही एका जातीचे उंदीर जगतात, ते का? कारण त्यांचा टीएलआर४ बिघडलेला होता. जोरदार सिग्नल जीव घेतो, यातूनच ते संशोधन उभं राहिलं. शिरेतून द्यायची औषधं एंडोटॉक्सिनसाठी, म्हणजे याच लिपोपॉलिसॅकराइडसाठी, तपासतात, तेही हा सिग्नल रक्तात पेटू नये म्हणूनच.

बरं, अर्धं खरं आहे ते मान्य करतो. सिग्नल मुळीच नसेल तरी चालत नाही. टीएलआर४ बिघडलेले तेच उंदीर साल्मोनेला या जिवाणूपुढे लवकर हार मानतात, आणि जन्मतः मायडी८८ नसलेल्या मुलांना न्यूमोकोकस या जिवाणूचे गंभीर संसर्ग होतात. काही लशींत टीएलआर४ मुद्दाम चेतवणारा घटक असतो, हेही खरं. पण तो मोजून, दंडातल्या एका जागी, थोड्या वेळापुरता.

राहिली गोळी. टोफासिटिनिब टीएलआर४-मायडी८८ च्या साखळीला हातच लावत नाही. ते जेएके नावाची एन्झाइम्स रोखतं. ती आयएल-६ सारख्या निरोप्या प्रथिनांच्या रिसेप्टरना आतून जोडलेली असतात. हा रस्ताच वेगळा, पण फॉरवर्डवाल्याला सगळे सिग्नल सारखेच. गोळीने संसर्गाचा धोका वाढतो, विशेषतः नागिणीचा, हे खरंच आहे. म्हणूनच सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात आणि मधूनमधून रक्त तपासतात. पण मनाने बंद केली तर सांध्यांचा दाह पुन्हा उसळू शकतो, आणि झिजलेला सांधा भरून येत नाही.

मावशीला कळवलंय : गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही, ताप आला किंवा अंगाच्या एका बाजूला दुखरं पुरळ उठलं तर त्याच दिवशी त्यांना फोन. आणि त्या कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे, हे एवढ्या लांबलचक फॉरवर्डमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.