पाचवी ओळ, पहिलं अक्षर

लांब लिहिणार आहे. घाई असेल त्यांनी जिराफाचा फोटो बघून पुढे जावं.

सकाळी उठून फोन बघितला तर आजोळच्या ग्रुपवर दादाची (माझा मावसभाऊ) भलीमोठी यादी. 'आज २१ जून, आजचे दिनविशेष.' योग दिन. संगीत दिन. समुद्राचे नकाशे करणाऱ्यांचा हायड्रोग्राफी दिन. मानवतावाद दिन. जिराफ दिन. स्केटबोर्डिंग दिन. सेल्फी दिन. शिवाय जूनचा तिसरा रविवार यंदा आजच आला, म्हणून फादर्स डे. खाली दादाचा शेरा : 'एवढे दिन एका दिवसात! कॅलेंडरला धाप लागली असेल.' आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

यादीत मोटर न्यूरॉन डिसीजचा (एमएनडी) दिवस नव्हता. १९९७ पासून तो २१ जूनलाच असतो. जगाला माहीत नसेल तर नसू दे. पण दादा, आपला मामा याच आजाराने गेला ना रे? तुझा सख्खा मामा. खांदा दिलास तू. आणि आजच्या दिवशी तुला 'धाप' हाच शब्द सुचला?

बरं. जरा शांतपणे लिहिते.

मामाला जे ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. सुरुवात चपलेपासून झाली. त्याची उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची. दोन पावलं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं, मग मागे येऊन ती पायानेच सरळ करायचा. आम्ही हसायचो. एकदा भर रस्त्यात मी त्याला म्हणाले, "मामा, लक्ष कुठे असतं तुझं?" तो म्हणाला, "पायात नसतं एवढं खरं." यावर आम्ही दोघंही मनापासून हसलो.

ते हसणं मला अजून ऐकू येतं.

कारण पायात काहीतरी होतंच. मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या या आजारात मरत जातात. हुकूम येईनासा झाला की स्नायू वाळतो. मामाच्या बाबतीत पाऊल वर उचलणारा स्नायू आधी गेला, म्हणून चप्पल. सुरुवातीला दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, बधिर होत नाही. म्हणून माणूस घाबरत नाही. घरातले तर नाहीतच नाहीत. आम्ही काय केलं? त्याला मागून पट्टा असलेल्या सँडल आणून दिल्या. प्रश्न मिटला म्हणून खूशही झालो.

मग शर्टाची बटणं लागेनात. दंडाचं मांस आपोआप फडफडायचं, कातडीखाली किडा वळवळल्यासारखं. हाडांच्या डॉक्टरांनी मणका दाबला गेलाय म्हणून सांगितलं, ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती. त्याला व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एक दिवस तो दंड पाहिला आणि म्हणाली, "आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा." मग ईएमजी (स्नायूंमधली विजेची हालचाल मोजणारी तपासणी), मग बाकीच्या तपासण्या, मग नाव. चपलेपासून नावापर्यंत ११ महिने गेले. आणि हा आजार सुरू झाल्यावर बहुतेकांच्या हातात वर्षं असतात दोन ते पाच. त्यातले ११ महिने आम्ही सँडलच्या पट्ट्यात घालवले.

आता कोणीतरी म्हणेल की लवकर कळून तरी काय झालं असतं, बरा कुठे होतो तो आजार. नाही होत. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६९ मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलं आणि पहिलं औषध यायला १९९५ उजाडलं. रिलुझोल. तेही काही महिनेच वाढवतं. मान्य. पण बोलता येत होतं तेव्हा मामाचा आवाज तरी रेकॉर्ड करून ठेवला असता. नको असलेल्या ऑपरेशनच्या चर्चेत त्याचे शेवटचे चालते दिवस गेले नसते. आणि "लक्ष कुठे असतं तुझं" हे मी म्हटलं नसतं. माझ्यापुरतं तेवढंही पुष्कळ झालं असतं.

(शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं नाव घेऊ नका. प्रत्येक भेटायला येणारा घ्यायचा. १९६३ मध्ये, २१ वर्षांचे असताना त्यांना निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, हे खरंच आहे. तसा माणूस अपवादाने असतो, म्हणून तर त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं.)

दिन साजरे करण्यावर माझा राग नाही. म्हणजे सकाळी होता, आता थोडा उतरलाय. संगीत दिन १९८२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला, ज्याला जे वाद्य येतं ते घेऊन त्याने रस्त्यावर यावं म्हणून. सुंदर कल्पना आहे. हायड्रोग्राफीवाल्यांची संस्था २१ जून १९२१ ला स्थापन झाली, त्यांनी आपला वाढदिवस साजरा केला तर माझं काय जातंय? ग्रीनलंडचा राष्ट्रीय दिन आज असतो, सुट्टी असते, आणि जिथे सूर्य महिनोन्‌महिने रुसून बसतो तिथे आजचा दिवस साजरा करायलाच हवा. जिराफाचं म्हणाल तर सगळ्यात लांब मानेच्या प्राण्याला सगळ्यात लांब दिवस दिलाय, ही गंमत मलाही आवडते. २०१६ मध्ये जिराफाची नोंद 'असुरक्षित' प्रजातींत झाली, तेव्हा त्यालाही दिवस हवाच. घ्या. जिराफाला माफ केलं.

पण मामाची मान सावरत नव्हती हो शेवटी. उशा लावून धरावी लागायची. आज सकाळपासून चार जणांनी मला लांब मानेची चित्रं पाठवलीत. त्यांना काय माहीत! त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही हे कळतंय, तरी चिडलेय.

योगाचं मात्र सांगतेच. योगाला विरोध नाही, मी स्वतः करते. ११ डिसेंबर २०१४ ला संयुक्त राष्ट्रांत ठराव झाला तेव्हा १७७ देश सहप्रस्तावक होते, चांगलंच आहे. पण एका २१ जूनला मामाकडे एक गृहस्थ आले. सकाळचा कार्यक्रम उरकून थेट. अंगात तोच पांढरा टीशर्ट. मामा तोवर पूर्ण झोपून होता, आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. नाकावर श्वासाच्या मशीनचा मास्क. डोळे तेवढे त्याचे होते, आणि डोळ्यांमागे अख्खा मामा होता, हे लोकांना कळतच नाही. या आजारात बहुतेकदा डोळे हलायचे राहतात आणि डोकं बऱ्याच जणांचं लख्ख राहतं.

ते गृहस्थ खुर्ची ओढून बसले आणि बोलू लागले. प्राणायाम केला असता तर. मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही. इच्छाशक्ती हवी. मामाच्या मशीनचा आवाज येतोय आणि हे त्याला श्वास कसा घ्यायचा ते सांगतायत.

मामेबहिणीने एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली होती. वर स्वरांची वेगळी ओळ, मग खाली एक ते सहा : क, च, ट, त, प, य. ती एकेक ओळ म्हणायची, हवी ती ओळ आली की मामा डोळे मिटायचा. मग त्या ओळीतली अक्षरं. काना-मात्रा आम्ही सोडून दिल्या होत्या, फार वेळ लागायचा. अंदाजाने लावून घ्यायचो.

त्या गृहस्थांचं बोलणं चालू असताना मामाने दोनदा डोळे मिटले. म्हणजे पुठ्ठा आणा.

पाचवी ओळ, पहिलं अक्षर. प.

तिसरी ओळ, शेवटचं अक्षर. ण.

मी उठले आणि पाणी आणलं. त्याला थेट घोट देता यायचा नाही, ठसका लागायचा, नळीतून द्यावं लागायचं. ती सगळी तयारी केली, सिरिंज भरली. मामा वर बघत होता. वर बघणं म्हणजे 'नाही'. परत दाखवलं, परत वर. सिरिंज हातात धरून मी पाच मिनिटं उभी. तोवर ते गृहस्थ "बघा, करून बघा" म्हणत निघूनही गेले.

मग मामेबहिणीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. "पाणी नाही गं. पण. बाबा 'पण' म्हणतोय!"

तो वाद घालत होता. आयुष्यभर वाद घातलेला माणूस, त्याच्या तोंडावर कोणीतरी इच्छाशक्तीबद्दल बोलत होतं आणि त्याला म्हणायचं होतं, 'पण...' त्या एका शब्दाला त्याला दीड मिनिट लागलं, आणि मी त्याचं पाणी केलं.

आम्ही विचारलं, "पण काय, मामा? सांग, आम्ही लिहून घेतो." मामेबहिणीने पुन्हा ओळी म्हणायला घेतल्या. ज. मग वरची ओळ, ऊ. मग द.

जाऊ दे.

आजचा दिवस या आजारासाठी मुद्दाम निवडलेला आहे. आज सूर्य उत्तरेकडे सरकायचा थांबतो आणि वळतो, तसं या आजारालाही एकदा वळण लागावं म्हणून. (दक्षिण गोलार्धात आज सगळ्यात लहान दिवस असतो, ठाऊक आहे. भूगोलवाल्यांनी थांबावं.) वर्षातला सगळ्यात मोठा दिवस मी त्या खोलीत बसून काढलाय. कूस दुसऱ्याने बदलावी लागते त्या माणसाचा दिवस किती मोठा असतो ते तिथे कळलं.

आणि हो, प्रामाणिकपणे एक कबुली. २०१४ च्या उन्हाळ्यात लोक बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यायचे, आठवतंय? मी तेव्हा त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. ती याच आजारासाठी होती हे मला माहीतसुद्धा नव्हतं. अमेरिकेतल्या एका संस्थेकडे त्यातून ११ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली, आणि २०१६ मध्ये या आजाराशी संबंध असलेला एक जनुक सापडला त्या संशोधनाला त्यातलेच पैसे होते. म्हणजे वेडेपणा वाया गेला नाही. तेव्हा दादाला किती बोलायचं याचा मला विचार करावा लागतोय. मीही तेव्हा हसून लोळणारा चेहराच टाकला असता.

तरी पण दादा, तू मामाच्या उशाशी बसला होतास रे.

दुपारी मी ग्रुपवर चार ओळी टाकल्या होत्या. जरा कडकच होत्या. दादाने 'सॉरी, खरंच लक्षात नव्हतं' लिहिलं आणि यादी बदलून परत टाकली. त्यात एमएनडी दिन आहे, सेल्फी दिनाच्या वर. मामेबहीण ग्रुपवर काही बोलली नाही. फादर्स डेचं तिने आज कुठेच काही टाकलेलं नाही. मला वेगळा मेसेज आला तिचा, तीनच अक्षरं :

ज ऊ द

मी फोन खाली ठेवला, खूप वेळ काही लिहिता आलं नाही. मग ही पोस्ट लिहायला घेतली. तिचं ऐकलं नाही, तिला माहीत आहे मी ऐकत नाही.

तुमच्या घरात कोणाची चप्पल वारंवार निसटत असेल, बटणं लावताना हात रेंगाळत असेल, बोलणं किंचित जड झालं असेल आणि दुखत काहीच नसेल, तर हसू नका आणि सँडलही आणू नका. दहापैकी नऊ वेळा दुसरंच साधं काहीतरी निघेल, निघू दे. एकदा मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि कॉमेंटमध्ये जिराफ टाकणाऱ्याला अनफ्रेंड करेन.

बरं, एखादा चालेल. मामाला हसू आलं असतं. शेवटी शेवटी त्याला हसू आलं की आवरायचंच नाही, तेही आजारामुळेच असतं म्हणे. पण काही हसू त्याचं स्वतःचं होतं, ते आम्हाला ओळखू यायचं.