चाकण ओस पडणार नाही, पोराला आयटीआयला जाऊ द्या

‘२०३० नंतर पेट्रोल-डिझेलची गाडी बनवायला बंदी. इलेक्ट्रिक गाडीत फक्त वीस पार्ट. चाकण, भोसरी, पिंपरी ओस पडणार. मुलांना आयटीआय, ऑटोमोबाईलला घालून त्यांचं वाटोळं करू नका.’ त्याखाली आणखी तीन मुद्दे: वीज कोळशाची म्हणून प्रदूषण उलट जास्त, बॅटरी तीन वर्षांत मरते, गाडी उभ्या उभ्या पेटते. हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण माझ्या मावसभावाने तो वाचला आणि मुलाचा आयटीआयचा अर्ज भरायचाच थांबवला. मी भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

बंदीचं आधी उरकते. भारतात असा कायदा नाही. २०१७ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री पीयूष गोयल २०३० पर्यंत सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करायच्या म्हणाले होते. ते पुढे मागे पडलं आणि २०३० पर्यंत सुमारे ३० टक्के असं उद्दिष्ट राहिलं. उद्दिष्ट म्हणजे बंदी नव्हे. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या कारपैकी इलेक्ट्रिक होत्या अडीच टक्क्यांच्या आसपास, दुचाकींपैकी सहा टक्क्यांच्या आसपास. वेग फक्त तीनचाकीत आहे, तिथे निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक झाल्या.

आता ज्या वाक्याने पोराचा अर्ज अडवला ते. ‘वीस पार्ट.’ कुठल्या गाडीत? इलेक्ट्रिक मोटरमधले फिरणारे भाग मोजून कुणीतरी हा आकडा काढला असेल, पण गाडी म्हणजे नुसती मोटर नाही. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट, काचा, दिवे, वायरिंग, टायर, पत्र्याचे प्रेस पार्ट हे सगळं इलेक्ट्रिक गाडीलाही लागतं. वर मोटर, कंट्रोलर, बॅटरीचा डबा आणि तो थंड ठेवायची व्यवस्था हे नवीन काम आलं.

आमच्याकडे मोटरचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग मशिनिंगला येतं. त्याच्या भिंतीत पाणी खेळवायची वाट असते. व्हीएमसीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवरून, उतरलं की ते लीक टेस्टच्या फिक्श्चरवर, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, बसवायचं, क्लॅम्प आवळायचे, आत हवा भरायची आणि दाब उतरतो का ते बघायचं. कास्टिंगमध्ये डोळ्याला न दिसणारं भोक असलं तरी काटा खाली येतो आणि पार्ट बाजूला जातो. गिअरचंही तसंच. इंजिनाचा आवाज गेला, त्यामुळे गिअरची बारीकशी शीळही ड्रायव्हरला ऐकू येते. म्हणून ग्राइंडिंग पूर्वीपेक्षा काटेकोर लागतं. ही कामं फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर झालेली मुलंच करतात. आयटीआयमध्ये तर मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा ट्रेडही आहे. भाऊ, याच वाटेवरून तू पोराला परत बोलावतोयस.

कारखाने बंद पडतच नाहीत असं मी म्हणत नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला. पण त्यांची शेव्हर्ले गाडी देशात खपत नव्हती, २०१७ मध्येच इथली विक्री बंद केली होती. त्यात इलेक्ट्रिक गाडीचा संबंध नव्हता. तोच कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. आकुर्डीत जिथे जुनी चेतक बनायची, तिथेच बजाजने २०२२ मध्ये इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू केला. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्या चाकणलाच बनतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पिस्टन रिंग, स्पार्क प्लग, सायलेन्सर, क्लच प्लेट, फ्युएल पंप यावरच ज्यांचं पोट आहे त्यांना फटका बसणार. जर्मनीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या झेडएफ कंपनीने २०२४ मध्ये २०२८ पर्यंत १४,००० पर्यंत जागा कमी करायचं जाहीर केलं, त्यामागे इलेक्ट्रिककडे वळणं हेही एक कारण आहे. एकच पार्ट, एकच गिऱ्हाईक अशा लहान वर्कशॉपच्या मालकांनी आत्ताच दुसरं काम शोधायला लागावं. पण हा इशारा मालकांसाठी आहे, सतरा वर्षांच्या पोरासाठी नाही. पोराने खरी चौकशी करायची ती नोकरी कंत्राटी की कायम याची. ते दुखणं इलेक्ट्रिक गाड्यांच्या आधीपासूनचं आहे आणि मेसेजवाल्याला त्याची पर्वा नाही.

प्रदूषणाच्या मुद्द्याला एकच आधार देते, कारण तो पुरेसा आहे. फोक्सवॅगन डिझेल गाड्यांचं प्रदूषण चाचणीत कमी दाखवत होती, ती लबाडी २०१५ मध्ये उघडी पडली ती ज्या चाचण्यांमुळे, त्या वाहनांच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने करवून घेतल्या होत्या. तिनेच २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून मोडीत निघेपर्यंतचा हिशेब मांडला. बॅटरी बनवताना होणारं उत्सर्जन आणि आपली कोळशाची वीज दोन्ही धरून, भारतात मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक कारचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन तशाच पेट्रोल कारपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी निघालं. युरोपात हाच फरक ६६ ते ६९ टक्के आहे. म्हणजे कोळशामुळे आपला फायदा खूपच कमी होतो, हे खरं. पण ‘उलट जास्त’ हे धादांत खोटं.

बॅटरी तीन वर्षांत मरत असती तर बऱ्याच कंपन्यांनी कारच्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी दिली असती का?

राहिली आग. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ खरा होता. अशा घटनांनंतरच सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम, म्हणजे एआयएस १५६, कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. स्वीडनच्या सरकारी यंत्रणेने २०२२ च्या आगी मोजल्या, तर इलेक्ट्रिक आणि हायब्रिड (इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या) मिळून ६ लाख ११ हजार गाड्यांत २३ आगी, पेट्रोल-डिझेलच्या ४४ लाखांत सुमारे ३,४००. मला भीती वाटते ती स्वस्तात जुळवून बसवलेल्या बॅटरीची आणि लोकल चार्जरची. त्याबद्दल त्या लांबलचक मेसेजमध्ये एक ओळ नाही.